मोटा किती आणि पाणी किती?

(उन्हाळी व्याख्यानमालेतलं व्याख्यान, शब्दांकित)



काल याच जागी ज्ञानेश्वरीतल्या उपमांवर दीड तास बोलणं झालं. उद्या गडकोटांवर आहे. या दोहोंच्या मध्ये घरातल्या संगणकाचा प्रोसेसर म्हणजे दोन अभंगांच्या मध्येच कुणीतरी विजेचं बिल वाचून दाखवावं, तसं तुम्हाला वाटेल. पण कार्यकर्ते विषय विचारायला आले, त्याच आठवड्यात शेजारच्या वहिनी दोन छापील कागद घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसल्या होत्या. माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच.

वहिनी बँकेतून निवृत्त झालेल्या. नात अकरावीला गेली, म्हणून घरात नवा संगणक घ्यायचं ठरलं. दुकानदारानं दोन पत्रकं हातात ठेवली. एकावर ‘ड्युअल कोअर’, दुसऱ्यावर ‘क्वाड कोअर’. म्हणजे एकाच्या प्रोसेसरमध्ये काम करणारे गाभे दोन, दुसऱ्याच्या चार. किमती जवळपास सारख्याच. वहिनींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, “भाऊजी, एवढंच सांगा. दोन घेऊ की चार?”

तंत्रनिकेतनात तीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलेल्या माणसाला हा प्रश्न अर्ध्या मिनिटात सुटायला हवा. मी ‘चार’ म्हणणारच होतो. तेवढ्यात चार कोअरच्या पत्रकावरची बारीक अक्षरं वाचली. चार जीबी मेमरी आणि फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क. दोन कोअरच्या पत्रकावर आठ जीबी आणि एसएसडी, म्हणजे तबकडी न फिरवणारी चपळ डिस्क. मी गप्प झालो. वहिनी म्हणाल्या, “एवढं काय अवघड आहे त्यात?” त्या गप्प होण्याचं कारण सांगायला मला आज तासभर मिळालाय.

कालच्या वक्त्यांनी उपमांचा रतीब घातला. माझ्याकडे एकच आहे, आणि ती विहिरीतली आहे.

साताऱ्याहून पुण्याकडे निघालं की हमरस्त्यापासून थोडं आत लिंब गाव लागतं. तिथली बारा मोटेची विहीर तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. शाहू महाराजांच्या काळातली, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातली. आत दगडी महाल आहे, पायऱ्या आहेत, आणि काठावर एका वेळी बारा मोटा चालाव्यात अशी सोय आहे. समोर बसलेल्या मुलांसाठी मोट म्हणजे काय ते सांगतो, कारण माझ्या आजोळची मोट मी शेवटची पाहिली तेव्हा मी चौथीत होतो. पुढच्या वर्षी तिथं इंजिन बसलं.

मोट म्हणजे चामड्याची मोठी पखाल. वर रुंद तोंड, खाली लांब सोंड. तिचा जाड दोर म्हणजे नाडा, तो बैलांच्या जुवाला बांधलेला. विहिरीपासून दूर उतरत जाणारी बैलांची वाट, तिला धाव म्हणतात. बैल धावेवरून खाली गेले की मोट भरून वर येते आणि सोंडेतून पाणी दगडी थारोळ्यात पडतं. थारोळं हा शब्द आता फक्त खुनाच्या बातम्यांत उरलाय, पण तो मूळचा विहिरीवरचा आहे. थारोळ्यातून पाणी पाटात, पाटातून वाफ्यात. वाफ्यांपाशी हातात खोरं घेऊन एक माणूस उभा. वाफा भरला की त्याचं तोंड बुजवायचं, पुढच्याचं उघडायचं. याला म्हणायचं दारं धरणं.

आता जोड्या लावू. एक मोट आणि तिची बैलजोडी म्हणजे प्रोसेसरचा एक कोअर. बैल धावेवर किती झपाझप येरझारा घालतात, ते गिगाहर्ट्झ. विहिरीतलं पाणी म्हणजे मेमरी. आणि दारं धरणारा एकटा माणूस कुठे बसतो, ते पुढे येईलच, कारण सगळी गोम त्याच्यापाशी आहे.

पहिला प्रश्न असा की एकाच्या दोन मोटा झाल्या कशासाठी? १९७१ साली इंटेलनं ४००४ नावाची चिप बाजारात आणली. तिच्यात सुमारे २३०० ट्रान्झिस्टर होते आणि ती सेकंदाला सात लाखांच्या आसपास ठोके मारायची. १९९३ साली पेंटियम आला. त्याच्या घडणीतलं ठळक नाव म्हणजे विनोद धाम. त्यांचा जन्म आपल्या पुण्यातला. त्या पेंटियमचा वेग होता ६० आणि ६६ मेगाहर्ट्झ. त्यानंतरची अकरा वर्षं नुसती शर्यतीची. २००४ च्या नोव्हेंबरात पेंटियम फोर ३.८ गिगाहर्ट्झवर पोचला. अकरा वर्षांत पन्नास पटींहून जास्त. त्या काळात संगणक संथ वाटला तर प्रोग्रॅम लिहिणारे फार डोकं चालवत नसत. दोन वर्षं थांबायचं, तोच प्रोग्रॅम नव्या यंत्रावर आपोआप पळायचा.

आणि मग बैलांना फेस आला. त्याचं गणित सोपं आहे. चिप जी वीज खाते, ती ठोक्यांच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ठोके वाढवायचे तर व्होल्टेजही वाढवावं लागतं. म्हणजे वेग थोडा वाढवला की उष्णता भरमसाट वाढते. आधी ही अडचण जाणवत नव्हती, कारण ट्रान्झिस्टर लहान होत गेले तसं त्यांचं व्होल्टेजही खाली येत गेलं. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्येच हा हिशेब मांडून ठेवला होता. पण एका मर्यादेनंतर ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की बंद असतानाही त्यांच्यातून वीज झिरपू लागली आणि व्होल्टेज आणखी उतरवता येईना. २००४ सालचे पेंटियम फोर शंभर वॉटच्या वर गेले. म्हणजे टेबलाखाली शंभर वॉटचा दिवा सतत पेटता ठेवल्यासारखंच. चार गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर येणार अशी घोषणा झाली होती, ती इंटेलनं त्या ऑक्टोबरात मागे घेतली. कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेत व्यासपीठावर चक्क गुडघे टेकून माफी मागितली.

हाच हिशेब उलटा करून बघा. वेग आणि व्होल्टेज दोन्ही वीस टक्क्यांनी कमी केलं, तर विजेचा खर्च ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे जवळपास निम्म्यावर येतो. उरलेल्या निम्म्या विजेत दुसरा तसाच कोअर बसतो. वीज तेवढीच, आणि कामाची ताकद दीडपटीच्या वर. बैलाला चाबूक मारत बसण्यापेक्षा शेजारी दुसरी जोडी जुंपायची, हे शहाणपण तिथून आलं. २००५ साली इंटेल आणि एएमडी या दोघांनीही घरगुती संगणकासाठी दोन कोअरचे प्रोसेसर आणले. पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात चार कोअर आले. वेगाची शर्यत मात्र तिथेच मंदावली. २०२४ मध्ये बाजारात आलेल्या सगळ्यात वेगवान घरगुती प्रोसेसरची धाव ६.२ गिगाहर्ट्झपर्यंत जाते. आधीच्या अकरा वर्षांत पन्नास पट, नंतरच्या वीस वर्षांत दुप्पटही नाही.

म्हणजे चार कोअर हे लाडानं झालेलं बाळ नव्हे. वेग वाढवता येईना म्हणून कंपन्यांनी संख्या वाढवली, आणि त्या संख्येचा उपयोग करून घ्यायची जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांवर आणि आपल्यावर येऊन पडली.

आता दारं धरणाऱ्याकडे येऊ. एका मोटेच्या दोन केल्या, दोनाच्या चार. थारोळ्यात पाणी चौपट पडू लागलं. पण दारं धरणारा एकच. त्याला एक वाफा बुजवून दुसरा उघडायला जेवढा वेळ लागायचा, तेवढाच लागणार. प्रत्येक कामात वाटून देता येतो असा एक भाग असतो, आणि एकामागून एकच करावा लागतो असा दुसरा. दारं धरणारा म्हणजे हा दुसरा भाग. जीन अम्डाल या अमेरिकी अभियंत्यानं १९६७ साली हे सूत्रात बांधलं. सूत्र फळ्यावर नको, उदाहरण घेऊ.

शंभर मिनिटांचं काम आहे. त्यातलं निम्मं वाटता येतं, निम्मं नाही. दोन कोअर दिले तर ५० अधिक २५, म्हणजे ७५ मिनिटं. चार दिले तर ५० अधिक साडेबारा, साडेबासष्ट. पहिल्या दोन कोअरनी २५ मिनिटं वाचवली, पुढच्या दोघांनी मिळून साडेबारा. आता असं काम घ्या की ज्यातलं ९० टक्के वाटता येतं. दोन कोअरना ५५ मिनिटं, चारांना साडेबत्तीस. आणि फक्त २० टक्केच वाटता येत असेल तर? दोघांना ९०, चौघांना ८५. पाच मिनिटांसाठी दोन बैलजोड्या पोसायच्या! बैल कुठेच बदललेले नाहीत. फरक सगळा कामाच्या जातीत आहे.

घरातल्या कामांच्या जाती बघा. तुम्ही मराठीत पत्र टाइप करता, तेव्हा संगणक तुमच्या पुढच्या अक्षराची वाट बघत बसलेला असतो. तिथं दोन काय, एकही कोअर दमत नाही. लग्नाचा व्हिडिओ एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलणं हे सगळ्यात जास्त वाटता येणारं काम, कारण चित्राचे तुकडे पाडून चौघांना देता येतात. बँकेचं पान उघडणं मधलं. पानाचा प्रोग्रॅम बहुतेक एकाच धाग्यानं चालतो, पण एका वेळी दहा पानं उघडी असतील तर ती वेगवेगळ्या कोअरवर जाऊ शकतात.

इथं मला माझीच एक फजिती सांगायला हवी. २००८ साली मी घरासाठी संगणक जुळवून घ्यायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गेलो. त्या वर्षी सगळीकडे एकच वाद होता. इंटेलचा कोअर टू क्वाड क्यू ६६०० घ्यावा, की कोअर टू ड्युओ ई ८४००? पहिला चार कोअरचा, २.४ गिगाहर्ट्झ. दुसरा दोन कोअरचा, ३ गिगाहर्ट्झ. क्यू ६६०० जानेवारी २००७ मध्ये ८५१ डॉलरला आला होता आणि त्याच वर्षी जुलैत २६६ डॉलरवर उतरला. म्हणजे चार कोअर पहिल्यांदाच सामान्य माणसाच्या आटोक्यात आले होते. मी विद्यार्थ्यांना अम्डालचं सूत्र शिकवत होतो, आणि दुकानात उभा राहून मनात म्हणालो, चार म्हणजे दोनाच्या दुप्पट. क्यू ६६०० घेऊन आलो.

घरी आल्यावर टास्क मॅनेजर उघडला, कोणता कोअर किती राबतोय ते दाखवणारी खिडकी. काळे चौकोन चार, त्यात हिरव्या रेषा चार. मी परीक्षेचे पेपर टाइप करत होतो. एक रेष अधूनमधून उसळायची, तीन आडव्या पडलेल्या. धावेवर चार जोड्या उभ्या, त्यातल्या तीन रवंथ करतायत. मित्रानं ई ८४०० घेतला होता. त्याचं यंत्र रोजच्या कामात माझ्यापेक्षा चलाख वाटायचं, आणि तो ते दर रविवारी सांगायचाही.

त्या चिडीतून मी एक हिशेब केला. फक्त कोअर आणि वेग धरले, बाकीचे फरक सोडून दिले, तर कामातला किती हिस्सा वाटता यायला हवा म्हणजे माझा चौकडीचा संथ प्रोसेसर त्याच्या जोडीच्या चपळ प्रोसेसरला गाठेल? उत्तर आलं शंभरातले ५७. त्यापेक्षा कमी वाटता येत असेल तर दोन जिंकतात, जास्त असेल तर चार. हा आकडा माझ्या टेबलावर बरीच वर्षं चिकटवलेला होता. २००८ मधलं माझं घरचं काम ५७ च्या आसपासही नव्हतं.

पण गोष्ट इथं संपत नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात गूगलनं क्रोम आणला आणि उघड्या पानांसाठी वेगवेगळ्या प्रक्रिया चालवायची रीत घरोघरी पोचली. २०१३ मध्ये सोनी आणि मायक्रोसॉफ्टच्या खेळांच्या दोन्ही नव्या यंत्रांत आठ आठ कोअर आले, म्हणून खेळ लिहिणाऱ्यांना काम वाटून द्यायला शिकावंच लागलं. वर्षभरात असे खेळ निघाले की जे साध्या दोन कोअरवर सुरूच होईनात. आमच्या घरात पुतण्यानं जुन्या कॅसेटींवरची मुंजी-लग्नं संगणकात उतरवायला घेतली. एका रात्री मी पाणी प्यायला उठलो, तर चारही चौकोन काठोकाठ भरलेले. रवंथ करणाऱ्या जोड्या पहिल्यांदा घाम गाळत होत्या. मित्राचा ई ८४०० तोवर अडखळायला लागला होता आणि रविवारचं भाषण बंद झालं होतं. मी चुकीच्या कारणासाठी बरोबर वस्तू घेतली होती. त्याला दूरदृष्टी म्हणायचं नसतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण त्यातून एक धडा मिळाला. संगणक आजच्या कामासाठी घेतला जातो, आणि तो चालवावा लागतो सहा-सात वर्षांनंतरच्या कामासाठी.

अमेरिकेतल्या जॉन गुस्ताफसन यांनी १९८८ मध्ये अम्डालला हेच उत्तर दिलं होतं. हाताशी जास्त ताकद आली की माणूस तेच काम लवकर उरकून स्वस्थ बसत नाही, तेवढ्याच वेळात मोठं काम काढतो. मोटा वाढल्या की शेतकरी लवकर घरी जात नाही, आणखी एक वाफा उसाखाली आणतो.

याच संदर्भात आपल्या पुण्याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. सेमूर क्रे हे जगातल्या महासंगणकांचे विश्वकर्मा. त्यांच्या नावावर एक वाक्य सांगतात. त्याचा मथितार्थ असा की शेत नांगरायला दोन दणकट बैल हवेत की हजारभर कोंबड्या? क्रे बैलांच्या बाजूचे होते. ऐंशीच्या दशकात भारताला महासंगणक हवे होते, आणि अमेरिका ते देताना हात आखडता घेत होती. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं, विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली काम सुरू झालं आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. तो बनला होता ट्रान्सप्युटर नावाच्या लहान लहान प्रोसेसरांची मोट बांधून. आपल्याला बैल मिळाले नाहीत, म्हणून आपण कोंबड्यांनी नांगरून दाखवलं. हवामानाचा अंदाज बांधायचा तर आकाशाचे चौकोन पाडून प्रत्येकाला एक देता येतो. काम वाटता येण्याजोगं होतं, म्हणून ते जमलं. आज जगातला प्रत्येक महासंगणक कोंबड्यांचाच आहे, आणि तुमच्या टेबलावरचा क्वाड कोअर हे त्याच कळपातलं छोटं खुराडं आहे.

आता दुकानातल्या शब्दांकडे येतो, कारण तिथं पैसे जातात.

पहिला शब्द ‘थ्रेड’. पत्रकावर लिहितात, दोन कोअर, चार थ्रेड. मोट विहिरीत भरत असते तेवढा वेळ बैल वर नुसते उभे असतात. तेवढ्या वेळात तीच जोडी दुसऱ्या नाड्याला जोडता आली, तर पाणी जास्त निघेल. पण जोडी एकच आहे. पाणी दुप्पट निघणार नाही. चार थ्रेड म्हणजे चार कोअर नव्हेत. दुकानदार बोट ठेवेल ते चारावर, तुम्ही नजर ठेवायची दोनावर.

दुसरा सापळा नावाचा. इंटेलची आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही नावं ऐकून माणसाला वाटतं, तीन, पाच, सात कोअर. तसं काही नाही. २०१६ च्या सुमाराचे पातळ लॅपटॉप बघा. त्यांच्यावर दिमाखात आय-सेव्हनची चिकटपट्टी आहे आणि आत ७५०० यू नावाचा प्रोसेसर, कोअर दोनच. २०१७ मध्ये आठवी पिढी आली तेव्हा कुठे तशा लॅपटॉपच्या आय-फाइव्हलाही चार कोअर मिळाले, आणि टेबलावरच्या साध्या आय-थ्रीलाही. जुनं यंत्र घेताना आय-सेव्हन बघून भुलू नका. पुढचा आकडा वाचा.

तिसरी गोष्ट, चार म्हणजे कोणते चार? माणदेशातला खिलारी बैल आणि नुकतं जुंपलेलं खोंड, मोजताना दोन्ही एकच धरायचे का? २०२१ पासून इंटेलच्या घरगुती प्रोसेसरांत मोठे आणि छोटे असे दोन प्रकारचे कोअर एकत्र येऊ लागले. आय-थ्री १२१५ यू घेतलात तर त्यात खिलारी दोन आणि खोंडं चार, एकूण सहा. स्वस्त छोट्या संगणकांत सर्रास दिसणारा एन १०० चार कोअरचा आहे खरा, पण चारही खोंडंच. त्याचं वाईट नाही. सहा वॉटच्या हिशेबानं बनवलेली चिप आहे, चारा कमी लागतो, आणि रोजच्या कामाला पुरते. पण तिचे चार आणि मोठ्या प्रोसेसरचे चार एका तागडीत घालू नका.

आणि आता पाणी. वहिनींच्या पत्रकावर मी जिथं अडलो ते हे ठिकाण.

विहिरीत पाणीच नसेल तर बारा मोटा काय उपसणार? मेमरी कमी पडली की संगणक हार्ड डिस्कवर जातो. म्हणजे विहीर कोरडी पडली, आता नदीवरून पाणी आणा. फिरत्या तबकडीवरचा हवा तो भाग सापडायला साधारण दहा मिलिसेकंद लागतात. आपल्याला हे क्षणभरही वाटत नाही. पण तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे तेवढ्या वेळात तीन कोटी ठोके होऊन जातात. तीन कोटी ठोके बैल उभे. दोन कोअर असतील तर दोघं उभे, चार असतील तर चौघं उभे. एसएसडीला तेच काम करायला याच्या शंभराव्या हिश्शाइतका वेळ पुरतो. म्हणून चार कोअर, चार जीबी आणि फिरती तबकडी असलेलं यंत्र नात रोज शिव्या घालत वापरते, आणि दोन कोअर, आठ जीबी, एसएसडी असलेलं यंत्र घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. संगणक लक्षात न येणं यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र त्याला नाही.

कुणी विचारेल, विंडोज अकराची अट काय? अट फार माफक आहे. दोन कोअर, चार जीबी मेमरी, ६४ जीबी जागा. किमान म्हणजे तग धरण्यापुरतं. पण त्या अटींच्या जोडीला मान्य प्रोसेसरांची एक यादी आहे, आणि तिच्यात इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासून पुढचेच आहेत. त्यातून एक गंमत होते. कार्यालयातून बाहेर पडलेला सहाव्या पिढीचा चार कोअरचा आय-फाइव्ह यादीत नापास, आणि नवा, मुळातच अशक्त, दोन कोअरचा सेलेरॉन एन ४५०० पास. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज दहाचा नेहमीचा आधार संपला, तेव्हापासून असे धडधाकट आय-फाइव्ह बाजारात पडून आहेत. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स घालायची तयारी असेल तर सोन्यासारखं यंत्र मिळतं. नसेल तर मोह टाळा.

आता घरोघरचा सल्ला, थोडक्यात. दोघं निवृत्त माणसं, बँक, बातम्या, कीर्तनाचे व्हिडिओ, परदेशातल्या मुलाशी बोलणं: घरात आधीपासून दोन कोअरचं यंत्र असेल तर ते फेकू नका. मेमरी आठ जीबी करा, एसएसडी घाला आणि आणखी काही वर्षं काढा. शिकणारी मुलं असलेलं घर: एका खिडकीत तास चालू, दुसरीत वीस पानं उघडी, तिसरीत प्रोग्रॅम. तिथं ५७ चा आकडा केव्हाच ओलांडला गेलाय. नवं घेताना चारच्या खाली उतरू नका. व्हिडिओ जुळवणारा किंवा खेळ खेळणारा घरात असेल, तर चार हा तळ आहे. सहाचा विचार करा. आणि कुठल्याही घरात, कोअर वाढवण्यासाठी मेमरी आणि एसएसडीतून पैसे काढू नका. वाटाघाटीत कापायचंच असेल तर पडद्याचे दोन इंच कापा, किंवा चकाकणारी पेटी साधी घ्या.

वहिनींचं काय झालं, ते राहिलं. आम्ही दोघं दुकानात गेलो आणि दोन्ही पत्रकं परत केली. चार कोअर, आठ जीबी, एसएसडी असं तिसरं मागितलं. दुकानदार म्हणाला, असं तयार नाही, जुळवून द्यावं लागेल, दोन दिवस थांबा. वहिनी बँकेतल्या बाई. त्या म्हणाल्या, “थांबते. पण मेमरी किती आहे ते बिलावर लिहून द्या.” तीस वर्षांच्या अध्यापनात मला इतका चांगला प्रश्नोत्तराचा शेवट मिळाला नव्हता.

जाता जाता एक गृहपाठ देतो. मास्तराची खोड आहे. ज्यांच्या घरी विंडोजचा संगणक आहे, त्यांनी आज रात्री नेहमीचं काम चालू ठेवावं, आणि यंत्र अडखळायला लागलं की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबावीत. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे टक्के दिसतात. प्रोसेसर शंभराला टेकलेला दिसला तर मोटा वाढवा. मेमरी किंवा डिस्क टेकलेली दिसली, तर मोटांना हात लावू नका.

आजोळी नवी बैलजोडी आणायची ठरली की आजोबा बाजाराच्या आदल्या दिवशी विहिरीच्या काठावर जाऊन आत डोकावून यायचे. मला तेव्हा वाटायचं, बैल घ्यायचेत बाजारात, हे विहिरीत काय बघतात?